यादी बरोबर आहे, हे कशावरून?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली आपल्या शहरात स्थापन केलेले महाविद्यालय मिलिंद राजाच्या नावाने ओळखले जाते. नागसेनवन हे परिसराचे नाव उत्तरे देणाऱ्या भदन्तांचे, तर महाविद्यालयाचे नाव प्रश्न विचारणाऱ्याचे. संगणकाचा प्रोग्रॅम तपासणे हेही प्रश्न विचारणेच होय. तो नेमका कसा विचारावा, हे फंक्शनल पद्धतीच्या भाषांत फार स्वच्छपणे शिकता येते. म्हणून येथे आम्ही हॅस्केल भाषेतील एक उदाहरण घेतो.

या भाषांतील शुद्ध फंक्शन गणितातल्यासारखे असते. तेच मूल्य दिले की तेच उत्तर मिळते. आधी काय घडले याचा त्यावर परिणाम होत नाही. त्यामुळे तपासणीसाठी वेगळी मांडामांड करावी लागत नाही.

समजा, निवासी शाळेच्या प्रवेशासाठी गुणांची उतरती यादी लावायची आहे. नवशिक्या विद्यार्थी बहुधा असे लिहितो : यादीतील पहिला गुण घ्यावा, त्याहून जास्त असलेले डावीकडे, कमी असलेले उजवीकडे ठेवावेत आणि दोन्ही भाग याच रीतीने लावावेत. ७२, ९१, ६५ देऊन पाहिले. ९१, ७२, ६५ आले. विद्यार्थी समाधानी होतो. आम्हीही एकेकाळी अशाच तीन आकड्यांवर समाधान मानत होतो.

कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली मांडलेले क्विकचेक हे साधन येथे उपयोगी पडते. त्याला उदाहरणे द्यायची नसतात, गुणधर्म सांगायचा असतो. ते स्वतःच शंभर यादृच्छिक याद्या तयार करून तो पडताळते. आपण गुणधर्म सांगितला : उत्तर उतरत्या क्रमात असावे. शंभरही चाचण्या उत्तीर्ण! परंतु रिकामी यादीसुद्धा उतरत्या क्रमातच असते. म्हणून दुसरा गुणधर्म हवा : प्रत्येक गुण मूळ यादीत जितक्या वेळा आहे, तितक्याच वेळा उत्तरात असावा. आता चाचणी फसते आणि क्विकचेक चुकीची यादी लहान करत करत ०, ० एवढ्यावर आणून दाखवते. समान गुणांच्या दोघांपैकी एक गळला आहे. 'जास्त' आणि 'कमी' लिहिताना 'तितकेच' राहून गेले होते.

उजवीकडे 'कमी किंवा तितकेच' असे लिहिले की दोष जातो. मात्र येथेही सावध राहावे लागते. यादृच्छिक आकडे फार मोठ्या पल्ल्यातून घेतले असते, तर समान गुण क्वचितच आले असते आणि सदोष प्रोग्रॅमही उत्तीर्ण झाला असता. गुण ० ते १०० मधूनच घ्यावेत. उणे सतरा गुण कोणालाच मिळत नाहीत. शिवाय शंभर चाचण्या म्हणजे सिद्धता नव्हे. ती हवी असेल तर रिकाम्या यादीपासून आरंभ करून गणिती विगमनाने द्यावी लागते. हॅस्केलमधील व्याख्या समीकरणासारख्या असल्याने हे कागदावरही जमते.

आता गुणांसोबत नावे जोडू आणि तुलना फक्त गुणांची ठेवू. आपल्या दुरुस्त फंक्शनमध्ये समान गुण असलेल्यांत ज्याचे नाव मूळ यादीत आधी, तो उत्तरातही आधी राहतो. जागा एकच उरली असेल, तर ती त्यालाच मिळते. हा नियम प्रवेश समितीने केलेला नाही, आपल्या लेखनातून तो नकळत आला आहे. समितीला विचारून जो नियम ठरेल, तो तिसरा गुणधर्म म्हणून लिहावा आणि चाचणी पुन्हा चालवावी.