अल्पसंख्याकांचे जगणे आणि हृदयविकार

हृदयविकार हा सुखवस्तूंचा रोग, अशी समजूत आपल्याकडे अजूनही आढळते. ती तपासण्यासाठी आम्ही अमेरिकेतील हिस्पॅनिक समाजाचे उदाहरण घेत आहोत. २०२० च्या जनगणनेनुसार या समाजाची संख्या सुमारे ६ कोटी २१ लाख होती. यांतील कित्येकजण शेतांवर, बांधकामावर राबतात. भाषेची अडचण, आरोग्यविमा नाही, आणि अनेकांना कागदपत्रांची धास्ती. अशा धास्तीने शरीरात अॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते. प्रसंग टळला की हे सारे उतरावयास हवे. पण येथे प्रसंग टळतच नाही!

ब्राँक्स, शिकागो, मायामी व सॅन दिएगो येथे २००८ ते २०११ या काळात १६,४१५ प्रौढांना घेऊन एक मोठी पाहणी सुरू झाली. त्यांपैकी पाच हजारांवर लोकांच्या माहितीवरून २०१४ साली असे दिसून आले की, ज्यांच्यामागे दीर्घकाळचे ताण अधिक, त्यांच्यात हृदयविकार, मधुमेह व उच्च रक्तदाबही अधिक. (रोगामुळेही ताण येतो, तेव्हा एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.)

येथे एक कोडे आहे. एवढे दारिद्र्य असूनही या समाजात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी आहे. संशोधक मार्काइड्स व कोरील यांनी १९८६ साली अशा विसंगतीकडे लक्ष वेधले. स्थलांतर करणारे मुळातच धडधाकट असतात, धूम्रपान कमी, घरच्यांचा आधार मोठा, अशी कारणे सांगतात. आम्हाला शेवटचे महत्त्वाचे वाटते. मात्र अमेरिकेतच जन्मलेल्यांत व तेथे दीर्घकाळ राहिलेल्यांत हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण अधिक असल्याचे त्याच पाहणीत आढळले.