बोलून होणाऱ्या उपचाराचेही दुष्परिणाम असतात



गोळ्यांच्या खोक्यात दुष्परिणामांची चिठ्ठी असते. मानसोपचारात तशी चिठ्ठी नसते, म्हणून ‘नुसत्या बोलण्याने काय बिघडणार?’ असे आपण सहज म्हणतो.

दोन वर्षे किंवा अधिक काळ टिकलेल्या नैराश्याला दीर्घकालीन नैराश्य म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅककुलो यांनी खास त्यासाठी ‘सीबीएएसपी’ ही उपचारपद्धती तयार केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नुसत्या औषधाने सुमारे ४८ टक्के, नुसत्या या पद्धतीनेही तितक्याच, आणि दोन्ही मिळून ७३ टक्के रुग्णांना गुण आला. त्यातले औषध, नेफाझोडोन, यकृताला गंभीर इजा झाल्याच्या घटनांमुळे पुढे अनेक देशांत मागे घेतले गेले. औषधाचा हिशोब असा लागला. बोलण्याचा कोण ठेवणार?

या पद्धतीत रुग्णाला आयुष्यातल्या महत्त्वाच्या माणसांची यादी करायला सांगतात आणि प्रत्येकाने आपल्यावर कोणता ठसा उमटवला ते विचारतात. समजा, एखाद्या ताईंनी वडिलांचे नाव लिहिले आणि तीस वर्षांपूर्वीचा अपमान वर आला. त्या रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी रडू आवरत नाही. काही महिन्यांनी त्या घरात ‘नाही’ म्हणायला शिकतात, आणि घरचे म्हणतात, डॉक्टरांनी हिला बिघडवले! काहींना उपचारकाशिवाय एकही निर्णय घेववत नाही. दिलेला गृहपाठ जमला नाही, तर ‘मी इथेही नापास’ असे वाटते; मला वाटते, हे सर्वांत वाईट.

बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ मिखाएल लिंडेन यांनी यात एक उपयुक्त फरक केला आहे. त्रास झाला की आधी पाहायचे, तो उपचारामुळे झाला की आजाराच्या चढउतारामुळे. उपचारामुळे असेल, तर उपचार योग्य रीतीने झाला होता का? झाला असेल तर तो दुष्परिणाम. नसेल तर ती उपचारकाची चूक. मी कॉमर्सचा विद्यार्थी असल्याने मला हे लगेच पटले: रक्कम चुकीच्या खात्यात टाकली, की पुढचा सगळा ताळेबंद चुकतो. आपण तर हा खर्च बहुधा रुग्णाच्याच नावावर टाकतो. ‘तुझे मनच कमकुवत,’ ‘तुझी श्रद्धा कमी पडली.’

इंग्लंड आणि वेल्समध्ये मानसोपचार घेतलेल्या १४ हजारांहून अधिक लोकांचे सर्वेक्षण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे वीसपैकी एकाने टिकून राहिलेला वाईट परिणाम सांगितला. उपचाराआधी पुरेशी माहिती मिालेल्यांमध्ये हे प्रमाण कमी होते.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे: यात काय त्रास होऊ शकतो, आणि झाला तर आपण काय करायचे? त्रास वाढला तर उपचार परस्पर सोडू नये. तेच उपचारकाला सांगावे. ते ऐकून घेत नसतील, तर दुसरे तज्ज्ञ शोधण्यात काही गैर नाही. जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.