घोडी लावण्याआधीची सुई

गेली बरीच वर्षं पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या तबेल्यांत जनावरांचा डॉक्टर म्हणून हिंडतो आहे. घोडीचं बीज वेळेवर सुटावं म्हणून हार्मोनची सुई देताना जे शिकलो, ते हे.

1. सुई माज आणत नाही. घोडीचा माज पाच-सात दिवस चालतो आणि बीज बहुधा माज ओसरण्याच्या एक-दोन दिवस आधी सुटतं. एचसीजी हे हार्मोन दिलं की बीज साधारण 36 ते 48 तासांत सुटतं, पण फॉलिकल, म्हणजे अंडाशयातला बीजाचा फुगा, तयार असेल तरच. सुरुवातीच्या काळात मालकाच्या घाईपुढे मान तुकवून मी 28 मिलिमीटरच्या फॉलिकलवर सुई दिली. वळू लांबून ट्रकने आला होता. घोडी लावली, दोन दिवसांनी पाहिलं, तर फॉलिकल जागच्या जागी. भाडं मालकाने भरलं. चूक माझी होती.

2. आता मी निदान 35 मिलिमीटरची वाट पाहतो आणि त्यासोबत गर्भाशयही बघतो. ऐन माजात ते सुजतं आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर लिंबाच्या आडव्या कापलेल्या चकतीसारखं दिसतं. ती चकती दिसली नाही, तर फुगा कितीही मोठा असो, मी सुई काढत नाही. सोमवारी संध्याकाळी शिरेतून एचसीजी, मंगळवारी संध्याकाळी घोडी लावायची, बुधवारी पुन्हा तपासणी. वळूला एकदाच कष्ट पडतात आणि घोडीलाही.

3. डिसेंबरात, दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणायची आणि लगेच ‘डॉक्टर, सुई द्या’ म्हणायचं, हे दरवर्षीचं. घोडीचा माज दिवस मोठा होण्यावर चालतो. थंडीत बहुतेक घोड्यांची अंडाशयं निजलेली असतात. थरोब्रेडवाल्यांची घाई मला कळते, कारण त्यांच्या सगळ्या शिंगरांचं वय 1 जानेवारीपासून मोजतात. त्यावर उपाय दिव्याचा: दिवसाचा उजेड धरून सोळा तास प्रकाश, साधारण दोन महिने. ते आधी करा, सुईचं नंतर बोलू.

4. एचसीजी गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून काढतात. घोडीला ते परकं प्रथिन. एकाच हंगामात पुन्हा पुन्हा दिलं तर काही घोड्यांत त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. दोनदा दिल्यावर मी बीज सोडवणाऱ्या दुसऱ्या औषधाकडे, डेस्लोरेलिनकडे वळतो.

5. माज लवकर परत आणायचा, तर प्रोस्टाग्लँडिन. तेही बीज सुटून पाच दिवस उलटल्यावर. घोडीला दरदरून घाम फुटतो, पोट दुखल्यासारखी ती मागे वळून पाहते. तासाभरात शांत होते, पण तोवर मी तबेला सोडत नाही. हे औषध कातडीतून शरीरात जातं. एका मोतद्दाराची बायको दिवस गेलेली असताना घोडीला धरायला पुढे आली होती. तिला मी हात धुवायला लावून घरी पाठवलं. गरोदर बाई आणि दमेकरी माणूस त्या बाटलीजवळही नको.

6. दोन मोठे फॉलिकल असतील, तर सुईने दोन्ही सुटू शकतात, आणि घोडीला जुळं म्हणजे संकट. एका भीमथडी घोडीची चौदाव्या दिवसाची तपासणी मालकाने टाळली, मीही आग्रह धरला नाही. आठव्या महिन्यात पहाटे फोन आला. पेंढ्यावर दोन शिंगरं होती, दोन्ही गार, आणि घोडी त्यातल्या लहानग्याला नाकाने ढोसत उभी होती. चौदाव्या-पंधराव्या दिवशी पाहिलं असतं, तर एक गर्भ बोटांनी दाबून दुसरा वाचवता आला असता. आता सुई देतानाच तपासणीची तारीख तबेल्याच्या दारावर खडूने लिहून येतो.