विद्यार्थी आणि चर्चेची भाषा

परीक्षेत उत्तर एकट्याने लिहायचे असते, पण विषय पक्का होतो तो चारचौघांत बोलल्याने. म्हणूनच अभ्यासवर्गात चर्चेला महत्त्वाचे स्थान आहे. तथापि चर्चा सुरू झाली की मोजकेच विद्यार्थी बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. असे का होते, याचा भाषेच्या अंगाने विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

नोकरी सांभाळून मी दर रविवारी दहावी-बारावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमचा वर्ग मोबाईलवरील गटात भरू लागला. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी तेथे रोज प्रश्न विचारू लागली. ती मराठीच लिहीत असे, पण इंग्रजी अक्षरांत. शिस्त म्हणून मी सर्वांना सूचना केली, "मराठी देवनागरीतच लिहा." दुसऱ्या दिवसापासून तिचे लिहिणे बंद झाले. पुढे विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, इंग्रजी अक्षरांत 'पानी' आणि 'पाणी' सारखंच दिसतं. देवनागरीत लिहिलं की मुलं हसतात."

चूक माझीच होती. इंग्रजीत 'न' आणि 'ण' यांना एकच अक्षर चालते, तसेच 'ल' आणि 'ळ' यांनाही. त्या अक्षरांच्या आडोशाने ती मुलगी निर्भयपणे विचार मांडत होती. मी तो आडोसा काढून घेतला, पण हसणाऱ्यांना मात्र काही बोललो नाही. बँकेच्या खिडकीवरही लिहिता-वाचता येणारी माणसे स्लिप पुढे करून "साहेब, तुम्हीच भरा" म्हणतात. अडचण अक्षरओळखीची नसते, चुकण्याच्या भीतीची असते.

प्रमाणभाषा शिकलीच पाहिजे. परीक्षा, अर्ज, नोकरी यांसाठी ती आवश्यक आहे. परंतु शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले मराठी साहित्य महामंडळाचे नियम हे लेखनाचे नियम आहेत, बोलणाऱ्याला गप्प बसविण्याचे नव्हेत. वऱ्हाडातला मुलगा 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणतो, म्हणून त्याला कमी दिसते असे नाही.

चर्चा वाचताना व ऐकताना आणखी तीन गोष्टी ध्यानात आल्या.

(१) 'हो सर', 'बरोबर' किंवा अंगठ्याचे चिन्ह हा होकार झाला, विचार नव्हे. वाक्यात 'कारण', 'पण', 'उदाहरणार्थ' हे शब्द येऊ लागले की खरी चर्चा सुरू झाली असे समजावे.

(२) मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. "आम्ही असे समजतो" म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. "आपण असे समजू या" म्हटले की तो आत येतो. एका शब्दाने गट जुळतो किंवा फुटतो.

(३) "तू चुकतोस" हे माणसाला लागते. "हा मुद्दा मला पटत नाही, कारण..." हे मुद्द्याला लागते. याचा आदर्श आपल्यापुढे आहे. संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आक्षेपांना मुद्देसूद उत्तरे देत. तीव्र मतभेद असूनही चर्चा कलमावर होत राहिली, म्हणूनच काम तडीस गेले.

यावरून आम्ही आमच्या वर्गापुरता एक नियम केला. चर्चा चालू असताना कोणी कोणाच्या उच्चाराची किंवा लिपीची चूक काढायची नाही. शुद्धलेखनासाठी आठवड्यातून एक वेगळा तास ठेवला. माझी सूचना मी गटावरच सर्वांसमक्ष मागे घेतली. ती मुलगी पुन्हा लिहू लागली आणि 'न' व 'ण' यांतील फरकही त्या तासात हळूहळू शिकली. आधी ती बोलती झाली म्हणूनच तिची भाषा सुधारता आली. गप्प बसलेल्या मुलाचे आपण काय सुधारणार?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, जसे येते तसे बोला, पण कारण देऊन बोला. आणि शेजारचा अडखळला तर हसू नका, त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा. पालकांना व कार्यकर्त्यांना एवढीच विनंती की, मुलाने प्रश्न विचारला तर आधी प्रश्नाचे उत्तर द्यावे, उच्चाराचे नंतर पाहावे.