कचेरीतील कचऱ्याचा ताळेबंद

कार्यालयाच्या जमाखर्चाची तपासणी दरवर्षी होते. केराच्या टोपलीत काय पडते याची नोंद मात्र सहसा कोणत्याही दप्तरात आढळत नाही. पुण्यासारख्या शहरात ही उणीव किरकोळ मानता येणार नाही. शहराचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारात टाकला गेला आणि तेथील ग्रामस्थांना त्याविरुद्ध वारंवार आंदोलने करावी लागली. सन २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दररोज सरासरी १०० किलोग्रॅमपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापनांवर, ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली. आपली कचेरी या मर्यादेच्या आत की बाहेर, हे तरी वजन केल्याशिवाय कसे कळावे?

तपासणीसाठी सुट्टीला जोडून न येणारे, नेहमीच्या कामकाजाचे तीन-चार दिवस निवडावेत. आधी गाजावाजा करू नये. तसे केल्यास टोपल्या एकाएकी सोज्वळ होतात. प्रत्येक शाखेचा व उपाहारगृहाचा कचरा स्वतंत्र ठेवून त्यावर चिठ्ठी लावावी. स्वच्छतागृहातील कचरा न उघडता केवळ तोलावा. उरलेला कचरा हातमोजे घालून जाड प्लॅस्टिकच्या तावावर पसरावा आणि स्वच्छ कागद, पुठ्ठा, माखलेला कागद, अन्न व चहाचा चोथा, प्लॅस्टिक, काच, धातू असे ढीग करून प्रत्येकाचे वजन लिहावे.

यांपैकी माखलेल्या कागदाचा ढीग सर्वांत बोलका असतो. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीने पुण्यातील कचरावेचकांना संघटित केले व पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. या कष्टकऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, मिळकतीचा एक भाग सुक्या मालाच्या विक्रीतून येतो. चहाने भिजलेल्या रद्दीला बाजारात मोल उरत नाही. साहेबांच्या अर्धवट प्यालेल्या पेल्याची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. शिवाय कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असल्याने तो खताच्याही उपयोगाचा नसतो. काचेचे वा स्टीलचे पेले आणणे हाच त्यावर सोपा उपाय होय.

चहाचा चोथा व फळांच्या साली नत्र पुरवितात, तर आवारातील वाळलेला पाला कर्ब. उत्तम खतासाठी कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे ३० ला १ असावे लागते. म्हणून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पाल्याचा भरपूर थर द्यावा. मूठभर मिश्रण दाबल्यास पाण्याचे एक-दोनच थेंब यावेत. दुर्गंधी सुटल्यास पाला वाढवून ढीग वरखाली करावा.

तीन महिन्यांनी त्याच वारी, त्याच तराजूवर पुन्हा तपासणी करावी. त्या दिवसांची हजेरीही नोंदवावी, म्हणजे रजेवरील मंडळींमुळे घटलेले वजन सुधारणेच्या खात्यावर जमा होणार नाही.