जुनं घर घेताय? इसाराआधी भेगा तपासा

अकोला, परभणी, सोलापूर भागातला जुना बंगला घ्यायचा असेल, तर तो एप्रिल-मेमध्ये बघा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि तिच्यावरचा उथळ पाया दरवर्षी थोडा खालीवर होतो. मेमध्ये उघडलेली भेग श्रावणात मिटलेली असते, म्हणून पावसाळ्यात घर निर्दोष वाटतं. पावसात लाकूड फुगून दार अडकलं तर चिंता नको. भर उन्हाळ्यात अडकत असेल, तर ओळंबा लावून चौकट तपासा.

गिलाव्यावरच्या केसासारख्या चिरा पुट्टी-रंगात जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांनी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी भेग मात्र पाया खचल्याची शंका आणते. ती ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मला खरी धास्ती वाटते ती एकाच भिंतीवरच्या ताज्या रंगाची. भरलेल्या भेगेशेजारी नवी चीर असेल, तर भेग बुजवली गेली, पण मूळ कारण तसंच राहिलं. कारण बहुधा पाणी असतं: जोत्यापाशी पडणारी पन्हळ, गळका पाइप, नाहीतर भिंतीलगतचं मोठं झाड. मालकाकडे दुरुस्तीचं बिल, तारीख आणि इंजिनिअरचा कागद मागा. खांबाला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून काँक्रीटचा नवा थर, केलेलं असेल, तर ते फरशीखाली पायापर्यंत गेलंय का, हे नक्की विचारा.

आता खर्च. भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवायला फारसं काही लागत नाही. काही आठवड्यांत ती तडकली, तर हालचाल चालू आहे. इंजिनिअरची भेट आणि लेखी अहवाल काही हजारांत होतो. पायाजवळ खड्डा खणून खोली बघायला एक-दोन दिवसांची मजुरी. पन्हळ वळवणं, पाइप बदलणं, जोत्याभोवती बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा टाकणं हे साधारण हजारांतच बसतं, आणि पुष्कळदा एवढंच पुरतं. पण पाया खालून बळकट करायचा, म्हणजे अंडरपिनिंग, तर खर्च लाखांत जातो. त्यासाठी दोन कंत्राटदारांचे लेखी दर घ्या आणि मगच घराच्या किमतीवर बोला.

इसार पावतीत हेही लिहून घ्या: तपासणीत पाया अजून खचत असल्याचं निघालं, तर इसार पूर्ण परत.