गहू जेव्हा बाधतो

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. त्यामुळे घरात कसलेही कोडे पडले की ते माझ्यापुढे येते. गेल्या वर्षी असेच एक कोडे आले. माझ्या थोरल्या बहिणीच्या तीन वर्षांच्या मुलाचे पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे आणि जुलाब थांबता थांबेनात. 'पोर अंगी लागत नाही' म्हणून सासरी ताईला बोल लागत. दृष्ट काढून झाली, अंगारे झाले. ताई मात्र रोज प्रेमाने दूध-चपाती कुस्करून भरवीत होती. अखेर शहरातील डॉक्टरांनी रक्त आणि आतड्याचा सूक्ष्म तुकडा तपासून निदान केले : सीलिअ‍ॅक रोग. औषध एकच, गहू बंद!

मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी या निमित्ताने जे वाचले ते मित्रांपुढे ठेवतो.

कणीक मळताना तिला जो चिवटपणा येतो तो ग्लूटेन या प्रथिनामुळे. गव्हाप्रमाणेच सातू आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिने असतात. काही मुलांत जन्मतःच अशी जनुके असतात की शरीराची संरक्षक यंत्रणा ग्लूटेनला शत्रू समजू शकते. या लढाईत जखमी होते ते आपलेच लहान आतडे. त्याच्या आतील बाजूस अन्नरस शोषून घेणारे असंख्य रसांकुर असतात. ते झिजून सपाट होतात. मग मूल पोटभर जेवूनही उपाशीच राहते. रक्त कमी होते, उंची खुंटते, हाडे कमकुवत होतात, स्वभाव चिडचिडा बनतो. काही मुलांना तर जुलाबही होत नाहीत. केवळ वाढ थांबते.

या रोगाचे सविस्तर वर्णन इंग्लंडमधील डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये केले. आहारानेच हा बरा होईल, हे त्यांनी ओळखले. पण दोषी अन्न कोणते ते उमगले नाही. तो मान हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. आणि या रोगाची मुले मात्र सुधारली! डिके यांचा गव्हावरचा आधीचा संशय बळावला. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

पथ्य जन्मभराचे आहे. मात्र तपासणीपूर्वीच गहू सोडू नये, नाहीतर रोग लपून राहतो. पथ्य पाळले की रसांकुर पुन्हा वाढतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका चालतात. पण गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेले पीठ नको. शेवया, बिस्किटे, सत्यनारायणाचा रव्याचा शिरा नको. बाजारच्या हिंगातही बहुधा मैदा असतो. 'एवढ्याशा घासाने काय होते?' असे आजी म्हणते. पण तेवढ्यानेही आतडे दुखावते.

आज भाचा भाकरी खातो, अंगणात धावतो. लहानपणी आमच्या घरी चपाती सणालाच होई. म्हणूनच ताईने लेकराला ती कौतुकाने दिली. निदान कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मीच त्याला विष चारत होते का रे?" मी म्हणालो, "ताई, जे मोठमोठ्या डॉक्टरांना १९५० पर्यंत नीट कळले नव्हते, त्याचा दोष तुझ्याकडे कसा?"

एखादे मूल खाऊनही अंगी लागत नसेल, तर त्याच्या आईला बोल लावण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे, एवढीच वाचकांस विनंती.